महाभारताची मधली वर्षे

महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार करण्याचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १ एप्रिल १९१९ रोजी सुरू झाले आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी ते पुरे झाल्याची घोषणा झाली. या सत्तेचाळीस वर्षांत १,२५९ हस्तलिखिते उपयोगात आणली गेली, अठरा पर्वांचे एकोणीस खंड निघाले आणि छापील पानांची संख्या तेरा हजारांवर गेली. आरंभ आणि समाप्ती हे दोन्ही समारंभ थाटाचे झाले, त्यामुळे त्यांची वर्णने सहज मिळतात. या कामाचा कस लागला तो मधल्या काळात. सुरुवातीचा उत्साह ओसरला होता, ज्यांनी ही कल्पना मांडली ती माणसे एकेक करून गेली होती, पैशांचे जुने आधार सुटत होते आणि निम्म्याहून अधिक ग्रंथ अजून पोथ्यांतच पडून होता. त्या काळात हे काम बंद का पडले नाही, हे समजून घेण्यासाठी ते मुळात काय होते आणि रोज कसे चालत होते, ते आधी पाहावे लागते.

महाभारत शतकानुशतके हाताने नकलले गेले. काश्मीरमध्ये शारदा लिपीत, नेपाळमध्ये नेवारीत, मिथिलेत मैथिलीत, बंगालमध्ये बंगालीत, मध्य आणि पश्चिम भारतात देवनागरीत, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिप्यांत. प्रत्येक प्रांतातल्या लेखकांनी आपापल्या परंपरेप्रमाणे शब्द बदलले, श्लोक वाढवले, कधी पूर्ण आख्याने घातली. उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन मोठ्या शाखा पडल्या आणि दक्षिणेची शाखा पुष्कळच फुगली. छापखाने आल्यावर १८३४ ते १८३९ या काळात कलकत्त्याची आवृत्ती निघाली. १८६२-६३ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून नीलकंठाच्या टीकेसह महाभारत बाहेर पडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुंभकोणमहून दाक्षिणात्य पाठाला धरून आणखी एक आवृत्ती आली. या तिन्हींत मेळ नव्हता. मुंबईची पोथी सर्वत्र पसरली आणि नीलकंठाचा पाठ हाच महाभारताचा पाठ, अशी समजूत रूढ झाली. हा नीलकंठ चतुर्धर मूळचा गोदावरीकाठच्या कोपरगावचा. सतराव्या शतकात काशीला राहून त्याने ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. निरनिराळ्या देशांतल्या पोथ्या गोळा करून त्यांतले चांगले पाठ आपण निवडले, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. पुण्यात पुढे जे घडले त्याची ही एकट्या माणसाने केलेली पूर्वतयारीच म्हणावी लागेल. मात्र कोणता पाठ कोठल्या पोथीतला, हे त्याने मागे ठेवले नाही. त्यामुळे त्याची निवड बरोबर की चूक, हे तपासायची सोय नंतरच्या अभ्यासकाला उरली नाही.

नव्या पद्धतीने शुद्ध पाठ ठरवावा, ही मागणी प्रथम युरोपात झाली. १८९७ मध्ये पॅरिसला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मोरिझ विंटरनिट्झ यांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची गरज मांडली आणि त्यानंतरची कित्येक वर्षे तिचा पाठपुरावा केला. पुढे युरोपातल्या विद्वत्सभांनी हे काम हाती घ्यायचे ठरवले. बर्लिनचे हाइन्रिख ल्यूडर्स यांनी एकोणतीस हस्तलिखिते तपासून आदिपर्वाच्या सुरुवातीच्या काही श्लोकांचा नमुना १९०८ मध्ये छापला. तो अठरा पानांचा होता. त्यानंतर महायुद्ध झाले, पैसा आणि माणसे दोन्ही पांगली आणि ती योजना नमुन्याच्या पुढे फारशी सरकली नाही. युरोपच्या या प्रयत्नाला विद्वत्तेची वाण नव्हती. वाण होती ती वर्षानुवर्षे रोज एका जागी बसून पोथ्या वाचणाऱ्या माणसांची, आणि पोथ्या ज्या देशात होत्या त्या देशात उभ्या असलेल्या घराची.

ते घर पुण्यात उभे राहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या नावाने संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि मुंबई सरकारने जमवलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह डेक्कन कॉलेजातून तेथे आला. गेओर्ग ब्यूलर यांनी १८७५ च्या सुमारास काश्मीरमधून मिळवलेल्या पोथ्या त्यात होत्या. आदिपर्वाची शारदा लिपीतली भूर्जपत्रावरची पोथी त्यांतलीच, आणि ती पुढे फार मोलाची ठरली. १९१८ च्या वार्षिक सभेला औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी अध्यक्ष होते. ते स्वतः चित्रकार होते. महाभारताची शुद्ध पाठाची आणि सचित्र आवृत्ती संस्थेने काढावी असे त्यांनी सुचवले आणि त्यासाठी हप्त्याहप्त्याने एकूण एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. लहानशा संस्थानाच्या मानाने ही रक्कम मोठी होती. पुढच्या वर्षी भांडारकरांनी मंगलश्लोकाचा पाठ तक्त्यावर आपल्या हाताने लिहून कामाचा आरंभ केला. तेव्हा ते ब्याऐंशीव्या वर्षात होते. हे काम आपल्या हयातीत संपणार नाही, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणाला दिसत असेल?

कामाचा पाया होता तो हा तक्ता. मोठ्या कागदावर चौकोन आखलेले असत. सगळ्यात वर मुंबईच्या छापील आवृत्तीतला श्लोक, एकेका चौकोनात एकेक अक्षर, असा लिहिला जाई. त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ. वाचणाऱ्याने पोथी उघडायची, श्लोक शोधायचा आणि छापील पाठाहून जे अक्षर वेगळे असेल तेवढेच नेमक्या चौकोनाखाली उतरवायचे. जादा श्लोक कडेला किंवा वेगळ्या कागदावर लिहायचे, गाळलेले श्लोक तसे नोंदवायचे. ग्रंथाच्या कोणत्याही भागासाठी किमान दहा पोथ्या ताडून पाहायच्या, असा नियम होता. आदिपर्वाच्या बाबतीत प्रत्यक्ष उपयोगात आलेल्या पोथ्या साठ झाल्या. एकाने उतरवलेला तक्ता दुसऱ्याने मूळ पोथीशी पुन्हा ताडायचा. ताडपत्रावरची ग्रंथ लिपी पुण्यात वाचणारे थोडे, म्हणून दाक्षिणात्य पोथ्यांचे काम तंजावरच्या सरस्वती महालात आणि बंगाली पोथ्यांचे काम शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत होऊन तक्ते पुण्याला येत.

या पद्धतीचा गुण वरवर दिसतो त्याहून मोठा होता. पाठ ठरवण्यासाठी प्रतिभा लागते, भाषेचा कान लागतो. पाठ उतरवण्यासाठी लिपीचे ज्ञान, डोळे आणि प्रामाणिकपणा पुरतो. तक्त्याने या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग केल्या. ज्या दिवशी मन लागत नाही, थकवा आहे, हे सारे कशासाठी असा प्रश्न मनात आहे, त्या दिवशीही शास्त्रीबुवा चार-दोन श्लोक बिनचूक उतरवू शकत होते आणि ते उतरवलेले वाया जात नव्हते. संपादक आजारी पडला, बदलला, तरी तक्ता तसाच राही आणि पुढच्याला वाचता येई. संस्थेच्या महाभारत विभागात दीर्घकाळ राबलेले श्री. ना. ताडपत्रीकर आणि त्यांच्यासारखे इतर शास्त्री यांची नावे खंडांच्या मुखपृष्ठांवर नाहीत. तेरा हजार पानांतला प्रत्येक पाठभेद मात्र अशाच कोणाच्या तरी हातून तक्त्यावर आलेला आहे.

पहिली सहा वर्षे तरीही अडखळतच गेली. नारायण बापूजी उतगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढली आणि देशोदेशींच्या विद्वानांकडे मतासाठी धाडली. ती पाहून विंटरनिट्झ यांनी संस्थेच्या ‘अ‍ॅनल्स’ या नियतकालिकात सविस्तर अभिप्राय लिहिला. अशा सूचनांतून एक गोष्ट उघड झाली. पोथ्यांची निवड आणि त्यांचे गट पाडण्याची रीत अजून पक्की नव्हती, आणि ती पक्की झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. इतक्या खर्चानंतर मागे वळून पद्धतच तपासायची, हे कोणत्याही संस्थेला जड जाते. १९२५ च्या ऑगस्टमध्ये संस्थेने प्रधान संपादकपद विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे दिले. त्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, भांडारकरांचे निधन झाले.

सुकथनकर तेव्हा अडतीस वर्षांचे होते. केंब्रिजमध्ये त्यांनी गणिताचा अभ्यास केला होता आणि मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत भाषाशास्त्राची पदवी घेतली होती. युरोपात अर्धवट राहिलेल्या योजनेचा धागा अशा रीतीने गुरूकडून शिष्याकडे पुण्यात आला. गणिती शिस्तीचा ठसा त्यांच्या कामावर सर्वत्र दिसतो. पोथ्यांचे वजन संख्येवरून ठरवायचे नाही, त्यांच्या परस्परसंबंधांवरून ठरवायचे, हे त्यांचे पहिले सूत्र. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या पन्नास देवनागरी पोथ्या एकाच साक्षीदाराची पन्नास तोंडे होत. याउलट काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी यांच्यात देशाचे अंतर सर्वांत जास्त. या दोघींनी एकमेकींकडून उचलण्याचा संभव सर्वांत कमी, म्हणून त्या दोघी जेथे एकमताने बोलतात तेथे जुना पाठ हाती लागतो, असे त्यांनी दाखवून दिले. ठरवलेल्या पाठात जेथे खात्री कमी, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ द्यायची. वगळलेला श्लोक फेकून द्यायचा नाही. तो पानाच्या खालच्या भागात तारकाचिन्ह लावून ठेवायचा, आणि उतारा मोठा असेल तर परिशिष्टात. म्हणजे ज्याला संपादकाचा निर्णय पटणार नाही, त्याला त्याच पानावर उलट निर्णय घेता येईल. नीलकंठाने जे मागे ठेवले नव्हते, ते सारे येथे ठेवले गेले.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला. पर्व पूर्ण व्हायला १९३३ साल उजाडले. नीलकंठाच्या मुंबई आवृत्तीत या पर्वाचे २३४ अध्याय आहेत, सिद्ध झालेल्या पाठात ते २२५ झाले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही सर्वांच्या ओठांवरची कथा जुन्या पोथ्यांच्या साक्षीवर टिकली नाही आणि परिशिष्टात गेली. आदिपर्वाला जोडलेली ‘प्रोलेगोमेना’ ही दीर्घ प्रस्तावना भारतीय पाठचिकित्सेचा मूळ ग्रंथ मानली जाते. प्रारंभापासून एका पर्वाला चौदा वर्षे लागली होती आणि सतरा पर्वे पुढे होती. मन कच्चे करणारा हिशेब तो हाच.

टीकेनेही हात आखडता घेतला नाही. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुरुवातीच्या भागांचे १९२९ मध्ये परीक्षण केले. संपादकाच्या मेहनतीविषयी त्यांना आदर होता. तरी मूळ पाठ शोधण्याचा नाद सोडून नीलकंठाचाच पाठ छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत, असा त्यांचा सल्ला होता. सल्ला मोहक होता, कारण तो मानला असता तर काम कितीतरी सोपे झाले असते. आणि तो देणारा माणूस आपल्या काळातल्या थोर भारतविद्यातज्ज्ञांपैकी एक होता. सुकथनकरांनी प्रस्तावनेत त्याचा विचार केला आणि नकार दिला. नीलकंठाचा पाठ उशिराचा व मिश्र आहे, तो पाया म्हणून धरला तर दहा वर्षांत पोथ्यांनी जे शिकवले ते सारे बाजूला ठेवावे लागेल, हा त्यांच्या उत्तराचा गाभा. पुढे नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक अतिशय जुनी ताडपत्री पोथी पाहायला मिळाली. पर्व छापून झाले होते, तेव्हा संपादनात तिचा उपयोग झालेला नव्हता. पुण्यात तर्काने ठरवलेल्या अनेक पाठांना या पोथीने दुजोरा दिला. सुकथनकरांनी तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. मोठ्या कामात असा ताळा जुळण्याचे क्षण मोजकेच येतात, आणि हा नेमका कामाच्या मध्यावर आला.

एकट्याने अठरा पर्वे होणार नाहीत हे ओळखून कामाची वाटणी आधीच झाली होती. विराटपर्व लाहोरच्या रघुवीर यांनी १९३६ मध्ये दिले. उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांनी १९४० पर्यंत पुरे केले. सभापर्व अमेरिकेत येल विद्यापीठातले फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे होते. पुण्यात तयार झालेले तक्ते लाहोर, ढाका आणि समुद्रापलीकडे जात, आणि सिद्ध पाठ परत येई. आरण्यकपर्व सुकथनकरांनी स्वतः केले आणि ते १९४२ मध्ये पुरे झाले. या वर्षांत त्यांनी ‘एपिक स्टडीज’ या नावाने लेखमाला चालवली. भृगुकुळाचा भारतकथेवर किती प्रभाव पडला हे दाखवणारा त्यांचा प्रसिद्ध निबंध त्याच मालेतला, १९३६ च्या सुमाराचा. पाठभेद निवडता निवडता जे प्रश्न सुचत ते ते लेख लिहून सोडवत. अक्षरांच्या चौकोनांतून मान वर काढून ग्रंथाचा अर्थ पाहण्याची ही त्यांची रीत होती, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या लिखाणात कंटाळ्याचा सूर का नाही याचे उत्तर बहुधा तीतच सापडते. १९४१ मध्ये सु. मं. कत्रे यांचे पाठचिकित्सेवरचे इंग्रजी पाठ्यपुस्तक निघाले. काम अर्ध्यावर असतानाच त्याच्या अनुभवातून एक विद्याशाखा शिकवण्याजोगी झाली होती.

जानेवारी १९४३ मध्ये संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. त्याच सुमारास मुंबईत सुकथनकरांची महाभारताच्या अर्थावरची चार व्याख्याने ठरली होती. तीन झाली. चौथे होण्याआधी २१ जानेवारीला ते गेले. वय अवघे पंचावन्न. आरंभाला तेव्हा चोवीस वर्षे होत आली होती आणि समाप्तीला तेवीस वर्षे अवकाश होता, म्हणजे मृत्यूने त्यांना जवळजवळ नेमक्या मध्यबिंदूवर गाठले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ल्यूडर्सही वारले. विंटरनिट्झ १९३७ मध्येच गेले होते. कल्पना मांडणारा, नमुना घडवणारा, आरंभ करणारा आणि पद्धत बसवणारा, यांतला कोणीही आता उरला नव्हता.

प्रधान संपादकपद श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांच्याकडे आले. त्यांचा जन्म १८८० चा. म्हणजे सुकथनकरांच्या जागी आलेला माणूस त्यांच्याहून वयाने मोठा होता आणि त्रेसष्टीच्या उंबरठ्यावर होता. संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. हार्वर्डचे विद्यार्थी, वेदान्ताचे अभ्यासक. सुकथनकरांसारखी नवी वाट पाडण्याचे श्रेय त्यांच्या वाट्याला येणार नव्हते. आखलेल्या वाटेने उरलेले अंतर चालायचे, एवढेच त्यांच्यासमोर होते. अशा माणसाचे नाव इतिहासात मागे पडते, आणि ते अन्यायाचे आहे. बेलवलकरांनी पद्धत बदलली नाही. नवा संपादक आला की नवी रीत घालण्याचा मोह होतो. त्या मोहाला ते बळी पडले असते तर आधीचे खंड आणि नंतरचे खंड यांची भाषाच जुळली नसती. सुकथनकरांचे विखुरलेले लेख परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४४ आणि १९४५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. पुढच्या संपादकांना नियमांसाठी हाताशी पुस्तके झाली. गोडे १९१९ पासून संस्थेचे क्युरेटर होते आणि रामचंद्र नारायण दांडेकर १९३९ पासून चिटणीस. प्रधान संपादक बदलत राहिले तरी ही दोन माणसे आपल्या खुर्चीवर होती. सलगता राहिली ती पुष्कळशी यांच्यामुळे.

बाहेरची परिस्थिती मात्र दर वर्षी नवे विघ्न आणत होती. दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेनासा झाला. फाळणीत रघुवीरांचे लाहोर आणि डे यांचे ढाका परदेश झाले. ज्या संस्थानांच्या वार्षिक मदतीवर योजना उभी होती ती संस्थानेच उरली नाहीत. निजाम सरकारची मदत होती, बडोदे, म्हैसूर यांसारख्या दरबारांचे साह्य होते, आणि मूळ वचन देणारे औंध १९४८ मध्ये विलीन झाले. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ मध्ये वारले. आपण सुरू करून दिलेले काम पूर्ण झालेले त्यांना पाहता आले नाही. त्यानंतर भार मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारांच्या अनुदानांवर आला. सरकारी अनुदान दर वर्षी मागावे लागते, त्यासाठी काय झाले याचा अहवाल द्यावा लागतो, आणि येथे खंडांऐवजी लहान लहान भाग छापण्याची जुनी पद्धत उपयोगी पडली. एखाद्या पर्वाला दहा वर्षे लागली तरी त्याचा एक भाग दोन-तीन वर्षांत वाचकाच्या आणि अनुदान देणाऱ्याच्या हातात पडे. भीष्मपर्व १९४७ पर्यंत, सौप्तिकपर्व १९४८ मध्ये, कर्णपर्व १९५४ पर्यंत, असे काम वर येत राहिले.

मध्याच्या पुढची पर्वे स्वभावतःही कठीण होती. आदि, सभा, विराट यांत कथा आहे. पाठ ठरवता ठरवता संपादक कथेबरोबर वाहत जातो. युद्धाच्या पर्वांत एकाच साच्याचे श्लोक शेकड्यांनी येतात, तोच रथ, तेच बाण, तीच उपमा, आणि नकलणाऱ्यांनी ते इकडचे तिकडे केलेले. द्रोणपर्व सुशीलकुमार डे यांनी १९५८ पर्यंत केले, शल्यपर्व दांडेकरांनी १९६१ पर्यंत. सर्वांत मोठे शांतिपर्व बेलवलकरांनी स्वतःकडे घेतले. राजधर्म, आपद्धर्म आणि मोक्षधर्म यांचा हा सागर. त्यातल्या तत्त्वज्ञानाच्या अध्यायांत एका अक्षराच्या फरकाने मताचा पक्ष बदलतो. त्याहूनही अवघड ठरले अनुशासनपर्व. दानाच्या आणि व्रतांच्या माहात्म्यात भर घालायला प्रत्येक प्रांताला मोकळीक होती, म्हणून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोथ्या येथे फार दुरावल्या आहेत. हे तेरावे पर्व. शेवटची चार लहान पर्वे, आश्रमवासिक ते स्वर्गारोहण, बेलवलकरांच्या संपादनात १९५९ मध्ये छापून झाली. करमरकर यांनी संपादित केलेले आश्वमेधिक १९६० मध्ये आले. अनुशासन मात्र मागे राहिले. पर्वांचा क्रम छापण्याच्या क्रमावर लादला नव्हता, हे फार शहाणपणाचे होते. नाहीतर एका अडलेल्या पर्वामागे पाच पर्वे खोळंबली असती.

वाचकांची नाराजीही सोसावी लागली. एजर्टन यांच्या सभापर्वात द्रौपदी वस्त्रहरणाच्या वेळी कृष्णाचा धावा करते ते श्लोक मुख्य पाठात नाहीत. जुन्या पोथ्यांच्या साक्षीनुसार वस्त्रे येत राहतात, ती कोठून आली याचा उलगडा पाठ करत नाही. कीर्तनांतून हा प्रसंग ऐकत मोठ्या झालेल्या समाजाला हे खटकणे साहजिक होते. धाव्याचे श्लोक नाहीसे मात्र झाले नव्हते, ते त्याच पानाच्या खाली होते. आपली श्रद्धा आणि पोथ्यांची साक्ष यांचे वजन वेगवेगळे ठेवण्याची ही सवय मराठी वाचकाला लागायला वेळ लागला. १९६७ मध्ये आलेल्या इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने या आवृत्तीचा आधार घेतला आणि तिचे निष्कर्ष संशोधकांच्या कपाटातून घराघरात नेले.

वयाच्या ऐंशीच्या पुढे गेलेल्या बेलवलकरांनी १९६१ मध्ये पद सोडले. त्याच वर्षी गोडे वारले. तिसरे प्रधान संपादक म्हणून परशुराम लक्ष्मण वैद्य आले. कर्णपर्व त्यांनीच केले होते, त्यामुळे त्यांना पद्धत नव्याने शिकायची नव्हती. दांडेकर अनुशासनपर्वावर बसले होते. ते १९६६ मध्ये छापून झाले आणि त्या वर्षी २२ सप्टेंबरला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी संस्थेत येऊन ग्रंथ पूर्ण झाल्याचे जाहीर केले. बेलवलकर ही समाप्ती पाहून पुढच्या जानेवारीत वारले.

काम तेथे थांबले नाही. महाभारताचे खिल, म्हणजे पुरवणी, मानलेला हरिवंश वैद्यांनी त्याच पद्धतीने संपादित केला. त्याचे दोन खंड १९६९ आणि १९७१ मध्ये आले. श्लोकांच्या चरणांची सूची १९६७ ते १९७२ या काळात सहा खंडांत निघाली. शिकागोचे जे. ए. बी. व्हान बाउटेनन यांनी या पाठावरून इंग्रजी भाषांतर सुरू केले. पहिल्या पाच पर्वांचे तीन खंड छापून झाल्यावर १९७९ मध्ये ते वारले आणि कित्येक वर्षांनी इतरांनी ते काम पुढे नेले. संपूर्ण सिद्ध पाठाचे इंग्रजी भाषांतर बिबेक देबरॉय यांनी २०१० ते २०१४ या काळात दहा खंडांत पुरे केले. जपानमध्ये मुनेओ तोकुनागा यांनी हा पाठ संगणकावर उतरवला, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो सुधारला, आणि आज जगभरचे अभ्यासक त्याचाच आधार घेतात. महाभारतातल्या व्यक्ती, स्थळे, शस्त्रे, वनस्पती यांची सांस्कृतिक सूची म. अ. मेहेंदळे यांच्या संपादकत्वाखाली भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, तीही चिकित्सित आवृत्तीच्या अध्याय-श्लोकांच्या क्रमांकांना धरून.